थंडी खालून येते

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारे हौशी भटके अंगात दोन-दोन स्वेटर चढवतात आणि पाठीखाली मात्र पातळ चादर अंथरतात. पहाटे तीनला कुडकुडत उठायला लावते ती हीच चादर. ऊब खरी असते कापसात किंवा पिसांत अडकलेल्या हवेची. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्याच वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि गार कातळ रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहतो. म्हणून दुसऱ्या ब्लँकेटच्या आधी कॅरीमॅट घ्या. वाळलेल्या गवताचा जाड थरही चालेल.

निरभ्र रात्री गारठलेली जड हवा उताराने खाली येऊन खोलगट जागी साचते; तंबू तिथून थोडा वर लावा. घामाने भिजलेला टी-शर्ट झोपण्याआधी बदला.

आणि कळकळीने सांगतो, निखाऱ्यांची शेगडी तंबूत कधीही नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, ती लोकरी मोज्यात घाला आणि पायाशी घेऊन झोपा.