आजीचा बिडाचा तवा
छत्रपती संभाजीनगरात बीड म्हटले की शेजारचा जिल्हा आठवतो; पण ओतीव लोखंडालाही आपण बीडच म्हणतो. आजीच्या बिडाच्या तव्यावर धिरडे चिकटत नाही, नव्यावर चिकटते. असे का?

तेलाचा पातळ थर तापला की हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात व बहुवारिकाचा कडक, काळा लेप बनतो. करडईच्या तेलात दुहेरी बंध अधिक, म्हणून तो लवकर जमतो. चिंचेच्या आंबटपणाने तो झिजतो.

बिडात कार्बन २ ते ४ टक्के असल्याने ते ठिसूळ असते. तडकलेला तवा गेलाच. गंज मात्र बहुधा वरवरचा. म्हणून गंजलेला तवा भंगारात देण्यापूर्वी आपण तो घासावा, कोरडा करावा, तेलाचा हात फिरवून तापवावा. तो नातीलाही पुरेल.