महाविद्यालय पाहून येण्याचे भाडे

माल न पाहता सौदा करणारा व्यापारी विरळाच. नमुना उजेडात धरून पाहिल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. मुलाचे महाविद्यालय मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी न पाहताच ठरविले असेल. अमेरिकेतील सुस्थित घरांची रीत निराळी आहे. शाळेची शेवटची वर्षे चालू असतानाच आईबाप मुलाला मोटारीतून चार-पाच महाविद्यालये दाखवून आणतात. ज्या घरातून आजवर कोणीच महाविद्यालयाची पायरी चढले नाही, तेथे ही सफर परवडत नाही; इतकेच नव्हे, तर ती करावयाची असते हेही सांगणारे कोणी नसते.

याचा परिणाम काय होतो, हे कॅरोलिन हॉक्सबी व ख्रिस्तोफर एव्हरी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखविले. गरीब घरच्या अत्यंत हुशार मुलांपैकी बहुसंख्य मुले नामांकित महाविद्यालयांकडे अर्जच करीत नाहीत. वस्तुतः तेथे त्यांना पुष्कळदा जवळच्या साध्या महाविद्यालयापेक्षा कमी खर्च आला असता. छापील किंमत पाहून गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरावे, तसा हा प्रकार होय.

म्हणून काही महाविद्यालयांनी भाडे स्वतःच्या पदरचे घालून अशा मुलांना बोलाविण्यास आरंभ केला. या योजनांना तिकडे ‘फ्लाय-इन’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स, मेनमधील बोडन, फिलाडेल्फियाजवळचे स्वार्थमोर ही त्यांतील परिचित नावे. निवड झालेल्या मुलास प्रवासाचे तिकीट मिळते. दोन-तीन दिवस तो वसतिगृहात विद्यार्थ्यांसमवेत राहतो, त्यांच्याच पंगतीला जेवतो, वर्गात मागच्या बाकावर बसून व्याख्यान ऐकतो. पण आमच्या मते या मुक्कामातील खरी मोलाची घटका म्हणजे अर्थसाहाय्य कचेरीतील भेट. घरचे उत्पन्न अमुक असेल, तर प्रत्यक्ष किती भरावे लागेल, हे तेथे त्याला समजते. विल्यम्सने तर २०२२ पासून साहाय्यातील कर्जाचा भागच काढून टाकून सर्व रक्कम अनुदानरूपाने देण्यास प्रारंभ केला आहे.

‘एवढ्यासाठी प्रवास कशाला, माहितीपत्रक पाठविले तर चालणार नाही काय?’ असे कोणी विचारील. आर्कान्सा विद्यापीठातील संशोधकांनी हेच ताडून पाहिले. आठवीच्या मुलांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एकास केवळ माहितीचे पाकीट दिले, तर दुसऱ्यास पाकिटाबरोबर वर्षातून तीन वेळा विद्यापीठ दाखविले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, भेट दिलेल्या मुलांना महाविद्यालयाविषयी अधिक ज्ञान होते आणि पुढील वर्षी कठीण विषय घेण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्यानंतर अनेक ठिकाणी निमंत्रणाच्या अटींची भाषा बदलली. घरातील पहिलाच शिकणारा, अल्प उत्पन्नाचा, खेड्यातला, असे शब्द आता पुढे आले आहेत.

दोष नाहीत असे नव्हे. जागा थोड्या असतात. शिवाय निमंत्रणासाठीही अर्ज लागतो, आणि तो ज्याला सापडला त्याने अर्धी वाट आधीच चाललेली असते. भेटीस बोलाविले म्हणजे प्रवेश मिळाला, असेही नाही. तिकीट बहुधा एकट्या मुलाचेच असते. बाप त्या दिवशीही कामावर जातो. परत आल्यावर रात्री जेवताना मुलगा जे सांगेल, तेवढेच त्याने पाहिलेले महाविद्यालय.