चांदीचं भांडं मोडण्याआधी उलटं करून बघा



चांदीचा भाव चढला की घरोघर एक बोलणं ऐकू येतं, ‘जुनी भांडी नुसती पडून आहेत, मोडून टाकू.’ मोडायला हरकत नाही. अडीनडीला कामी यावी म्हणूनच आईनं, सासूनं ती चांदी जपलेली असते. पण मोडण्याआधी ते भांडं आपल्याला वाचता आलं पाहिजे. आज त्याबद्दल बोलू. त्यासाठी थोडं लांब, थेट फ्रान्सला जाऊ. वाट मात्र आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीवरून जाते.

चौंडी म्हणजे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. त्यांचा जन्म 1725 चा. ज्या होळकर घराण्यात त्या सून म्हणून गेल्या, त्याच घराण्यात पुढं यशवंतराव होळकर दुसरे हे इंदूरचे महाराज झाले. त्यांच्या राणी संयोगिताराजे आपल्या कोल्हापूरकडच्या कागलच्या. या जोडप्यानं 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंदूरला माणिकबाग नावाचा नव्या धाटणीचा राजवाडा उभारला. त्यासाठी चांदीची भांडी पॅरिसच्या झां प्युइफोर्का या कारागिराकडून आली.

ही भांडी पाहून त्या काळी लोक चकित झाले असतील, कारण त्यांच्यावर नक्षीच नव्हती! जुनी फ्रेंच चांदी म्हणजे नक्षीनं भरलेली. त्या नक्षीच्या तीन मुख्य रीती समजून घ्या, कारण त्याच आपल्याकडेही आहेत. पहिली उठावाची. पत्र्याला राळेचा आधार देऊन मागून ठोकायचं, म्हणजे पुढून पान-फूल फुगून वर येतं. दुसरी कोरीव. टोकदार हत्यारानं पृष्ठभागावर रेघ खोदायची. तिसरी ओतीव. दांडी, पाय, मूठ मुशीतून वेगळी काढायची आणि डाग देऊन जोडायची. फ्रान्समध्ये शिंपले, पानं, लाटांसारखे काठ असत. आपल्या अत्तरदाणीवर, पानाच्या डब्यावर वेलबुट्टी, कमळ, कोयरी, मोर असतात. चित्रं वेगळी, हात चालवायची रीत तीच.

प्युइफोर्कानं ही नक्षी काढून टाकली. गोल, चौकोन, सरळ रेघ आणि लखलखता पृष्ठभाग, एवढंच ठेवलं. भांड्याचा घाट हीच त्याची सजावट. त्याला जुनं माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या वडिलांनी जुन्या फ्रेंच चांदीचा मोठा संग्रह केला होता. त्यातला मोठा भाग आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

वडिलांना जुनी चांदी शोधून गोळा करावी लागली, याला कारण आहे. फ्रान्समधली बरीचशी जुनी चांदी वितळून गेली. 1689 मध्ये चौदाव्या लुई राजाला लढाईसाठी पैसा हवा होता. त्यानं वर्सायच्या राजवाड्यातली चांदीची टेबलं, दिवे, कुंड्या टाकसाळीत पाठवल्या. हाती आली फक्त धातूची किंमत. कारागिरांची वर्षांची मेहनत मुशीत गेली. पुढच्या लढायांत आणि राज्यक्रांतीत पुन्हा तेच झालं. म्हणून जे उरलं, ते आज वजनापेक्षा कितीतरी जास्त मोलानं विकलं जातं.

आपल्या घरातही हेच होतं. सराफ मोडीचा भाव धातूचा देतो. नक्षीची मजुरी त्यात येत नाही.

आता भांडं वाचायचं कसं? ते उलटं करा. 1838 पासून फ्रेंच चांदीवर मिनर्व्हा देवीच्या मुखाचा छोटा ठसा असतो. जुन्या भांड्यावर त्यात 1 आकडा असला तर हजारात 950 भाग चांदी, 2 असला तर 800. कारागिराची अक्षरं शंकरपाळ्यासारख्या चौकटीत असतात. नुसता चांदीचा मुलामा असेल तर चौकट साधी चौकोनी असते. म्हणजे तळाकडं बघूनच कळतं, भांडं अस्सल की वरवरचं.

आपल्याकडं चांदीचा हॉलमार्क 2005 पासून आहे, पण तो सक्तीचा नाही. त्यामुळं आजी-पणजीच्या भांड्यावर तो मिळणार नाही. फार तर दुकानाचा शिक्का असेल. म्हणून चार गोष्टी करा.

एक, वजन घरून करून न्या. दोन, टंच काढून घ्या आणि तो कागदावर लिहून मागा. टंच 80 म्हणजे 100 ग्रॅममध्ये 80 ग्रॅम शुद्ध चांदी. 500 ग्रॅमचं ताट असेल, तर त्यात 400 ग्रॅम चांदी. पैसे या 400 चे धरलेत ना, हे स्वतः ताडून बघा. नावात सिल्व्हर असलं तरी जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. तीन, हातची नक्षी असेल तर दोन-तीन ठिकाणी विचारा. मोड म्हणून देण्याऐवजी वस्तू म्हणून घेणारा भेटतो का ते बघा. चार, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

आणि नाव वाचा. फ्रान्सचे सरदार भांड्यावर घराण्याचं चिन्ह कोरून घेत. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर मुलीचं नाव, देणाऱ्याचं नाव, तारीख घालतात. ती अक्षरं म्हणजे पुरावा आहे. लग्नात बाईला मिळालेलं भांडं हे तिचं स्त्रीधन. ते ठेवायचं, गहाण टाकायचं की मोडायचं, हे तिनं ठरवायचं. नाव असलेलं भांडं तिला न विचारता सराफाकडं गेलं, तर चांदीबरोबर तिचा पुरावाही वितळतो.

ठेवायचं ठरलं, तर नीट ठेवा. हवेतल्या गंधकामुळं चांदी काळी पडते. म्हणून राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासू नका, नक्षी झिजते. सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ फडकं पुरे. पुसून, कोरडं करून सुती कापडात गुंडाळा. रबर लावू नका, त्यातही गंधक असतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरातल्या एका भांड्याचं वजन, ठसा आणि त्यावरचं नाव वहीत उतरवून आणा. मैत्रिणींनो, त्या वहीचं एक पान आज रात्रीच सुरू करा.