बाद ट्रान्झिस्टरचा आवाज

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांमध्ये हळदीचा थाट लग्नाच्या तोडीचा असतो. रात्री मांडवापुढे बेंजो पार्टी उभी राहते आणि तिच्यात बेंजोवाल्याइतकाच मान ऑक्टोपॅडवाल्याला मिळतो. आठ रबरी चौकोन, हातात दोन काड्या, आणि त्यातून ढोलकीपासून काँगोपर्यंत हवी ती थाप. जपानच्या रोलँड कंपनीने 1998 मध्ये काढलेलं एसपीडी-20 हे मॉडेल आपल्याकडच्या वादकांच्या हातात असं बसलं, की पुढे जास्त ताकदीची मॉडेलं आली तरी जुन्याची मागणी हटेना. अखेर कंपनीने जुने आवाज आणि जुनी मांडणी राखून एसपीडी-20एक्स बाजारात आणलं.

जुनं वाद्य जसंच्या तसं पुन्हा काढावं का, या वादावर जगभरच्या संगीत मासिकांत बरीच शाई खर्च झाली आहे. एसपीडी-20च्या बाबतीत तो वाद लवकर मिटतो, कारण हे यंत्र डिजिटल. त्याचे आवाज स्मृतीत साठवलेले असतात, नव्या डब्यात तीच स्मृती भरली की काम झालं. खरी पंचाईत अॅनलॉग सिंथेसायझरची. तिथे आवाज साठवलेलाच नसतो. ऑसिलेटर विजेची लहर निर्माण करतो, फिल्टर तिच्यातले काही अंश कापतो, आणि आवाज त्या क्षणी घडतो. सर्किट तापलं की सूर किंचित सरकतो. तानपुरा पुन्हा पुन्हा लावून घेणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

या यंत्रांची एक मोठी कथा भिवंडीपासून फार दूर नाही, मुंबईत घडली. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे ते बास गिटार आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं वाजवत. सिंगापूरहून त्यांनी रोलँडची तीन यंत्रं आणली: टीआर-808 हे तालयंत्र, टीबी-303 हे बासयंत्र आणि जुपिटर-8 हा आठ सुरांचा सिंथेसायझर. तिन्ही 1980 ते 1982 च्या दरम्यान बाजारात आलेली, म्हणजे अगदी कोरी. ती एकमेकांना जोडून त्यांनी 1982 मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मालकंस असे दहा राग, खाली 808 चा एकसुरी ठोका आणि 303 ची गोल गोल फिरणारी बास.

तबकडी चालली नाही. डिस्कोवाल्यांना राग नको होते आणि रागवाल्यांना ठोका.

वीस वर्षांनी एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली, आणि 2010 मध्ये त्याच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने ती पुन्हा काढली. युरोपात खळबळ उडाली. 303 च्या त्या चिवचिवत्या आवाजावर शिकागोत ‘अॅसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा अख्खा प्रकार उभा राहिला, पण त्यातली पायाभूत मानली जाणारी ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही फ्यूचर या त्रिकुटाची तबकडी 1987 ची. मुंबईचा माणूस पाच वर्षं आधी! ‘अॅसिड हाउसचा जनक’ ही पदवी मात्र जरा घाईची. शिकागोच्या पोरांनी सिंग यांची तबकडी ऐकली होती असं मानायला काही आधार नाही. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेला सरावलेल्या कानाला ती लगेच जवळची वाटते, आणि शिकागोत तीच दुसऱ्या वाटेने सापडली. उतारवयात सिंग हे राग घेऊन युरोपच्या रंगमंचांवर गेले. 2015 मध्ये त्यांचं निधन झालं.

तोवर या यंत्रांचे भाव आकाशाला भिडले होते. गंमत अशी, की दोन्ही लहान यंत्रं बाजारात पडलेली होती. 303 गिटारवाल्याला घरी साथ करायला म्हणून बनलं. 1984 मध्ये बंद होईपर्यंत सुमारे 10,000 नग निघाले. खरी बास गिटार हवी असणाऱ्यांना त्याचा आवाज खोटा वाटला, ती यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत गेली आणि तिथून मातीमोल भावात कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या तरुणांच्या हाती पडली. 808 चे सुमारे 12,000 नग निघाले आणि 1983 मध्ये तेही थांबलं.

808 थांबण्यामागचं एक कारण ऐकण्यासारखं आहे. त्याच्या आवाजातली ती खास सळसळ काही ट्रान्झिस्टरांच्या दोषातून यायची. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी कारखान्याने बाद ठरवलेला माल मुद्दाम घेतला होता. पुढे अर्धवाहकांची गुणवत्ता सुधारली, बाद माल निघेनासा झाला आणि तो आवाज काढायची सोयच संपली. आता अशा यंत्राची ‘जशीच्या तशी’ प्रत कशी काढायची? वाईट ट्रान्झिस्टर चांगल्या रीतीने बनवायचे?

प्रत्येक कंपनीने याचं वेगळं उत्तर दिलं. कोर्गने 1978 च्या एमएस-20 या सिंथेसायझरची छोटी आवृत्ती 2013 मध्ये काढली, मूळच्या अभियंत्यांना हाताशी धरून आणि खऱ्या अॅनलॉग सर्किटसह, पण आकार 86 टक्के. पट्ट्या इवल्याशा. मूगने 1970 चा मिनीमूग 2016 मध्ये पुन्हा काढला तेव्हा मूळ सर्किट राखलं आणि संगणकाशी जोडायची सोय वर चढवली. मिनीमूगच्या जाडजूड आवाजाचं एक कारणही चूकच होती: मिक्सरमधून फिल्टरला हिशेबापेक्षा जास्त जोराचा सिग्नल जात होता. वादकांना तो भावला म्हणून कंपनीने चूक दुरुस्त केली नाही. रोलँडने मात्र आपल्या या जुन्या यंत्रांच्या खऱ्या सर्किटला अनेक वर्षं हात लावला नाही. 2014 पासून ती जुन्या सर्किटच्या वागण्याचं डिजिटल अनुकरण विकत राहिली. ती जागा बेरिंजरने भरली: 2019 मध्ये 808 ची आरडी-8 आणि 303 ची टीडी-3 ही अॅनलॉग नक्कल, तीही स्वस्तात. लोकांनी शिव्या घातल्या आणि विकतही घेतली. अखेर 2025 मध्ये रोलँडने टीआर-1000 हे तालयंत्र काढलं, त्यातले काही आवाज पुन्हा खऱ्या अॅनलॉग सर्किटचे आहेत. अमेरिकेतली किंमत तेव्हा 2,700 डॉलरच्या घरात होती. शिकागोच्या त्या पोरांना हे परवडलं नसतं, म्हणजे मूळ यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा गुण, त्याची पडेल किंमत, या प्रतीत नाही. बेरिंजरच्या नकलेत तो आहे, आणि नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तिच्या पदरात टाकायला हवं.

दोष तरी किती राखायचे? रोलँडच्याच 1984 च्या जूनो-106 मध्ये आवाजाच्या चिपा राळेसारख्या थरात बंद केलेल्या होत्या. कालांतराने त्या थरामुळेच चिपा मरतात आणि एकेक सूर गायब होतो. हा दोष राखा असं कोणी म्हणत नाही. ज्या दोषातून आवाज घडला तो राखावा, ज्याने आवाज मेला तो टाकावा. हे ठरवायचं कोणी, तर ते यंत्र रोज वाजवणाऱ्याने. विक्री विभागाला जुन्या लाकडी बाजू आणि नारिंगी बटणं आधी आठवतात.

भिवंडीत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथला साधा यंत्रमाग म्हणजे इंग्रजांच्या काळची रचना, मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इथे येऊन पुन्हा उभे राहिले. धोटा अजून आडवा धावतो. तो टिकला तो आठवणींच्या प्रेमाने नाही. भाग झिजला की जॉबर तो काढतो, गावातला टर्नर नवा घडवून देतो आणि माग पुन्हा चालू होतो. सरकारच्या पॉवरटेक्स योजनेने त्याच मागावर धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा बसवायला अनुदान दिलं. जुना सांगाडा, नवी भर, मिनीमूगसारखंच.

नव्या प्रतींचा कच्चा दुवा नेमका हाच, दुरुस्तीचा, आहे, आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. मूळ 808 चं झाकण उघडलं तर आत सुटे, डोळ्यांना दिसणारे भाग दिसतात: रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर. रोलँडच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाग शोधून साध्या सोल्डरिंगने बरंचसं दुरुस्त करता येतं. आजच्या प्रतींत तेच सर्किट तांदळाच्या कणीएवढ्या भागांतून यंत्राने बसवलेलं असतं. एक भाग गेला की बहुधा अख्खं बोर्डच बदलावं लागतं. कंपनीने ते बनवणं बंद केलं की ही प्रत मूळ यंत्राच्या आधी भंगारात जाणार. अपवाद आहेत. कर्टिस कंपनीने आपली सीईएम-3340 ही जुनी ऑसिलेटर चिप 2016 मध्ये पुन्हा बनवायला घेतली, आणि त्यामुळे नव्या वाद्यांबरोबरच जुनीही जगली. कोर्गने 2014 मध्ये एमएस-20 पूर्ण आकारात, स्वतः जुळवायच्या संचाच्या रूपात विकला. ज्याने तो स्वतः जुळवला, त्याला तो उघडायची भीती वाटत नाही.