आगपेटीतला मिरगाचा किडा

रोहिणीचा पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि मृगाच्या दुसऱ्या दिवशी सरी पडल्या, की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे बालरुग्ण येऊ लागतात. एक पोट बिघडलेले आणि दुसरे काहीतरी चावलेले. यंदा एक तिसराही आला. घाटाखालच्या एका खेड्यातील आई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा ठणठणीत होता. त्याच्या मुठीत एक आगपेटी होती आणि ती तो कोणाला हात लावू देत नव्हता.

"डॉक्टरसाहेब, दोन दिवसांपासून ही पेटी उशाशी घेऊन झोपते हा पोरगा. इख असते का हो त्याच्यात?" आईने विचारले.

पेटी उघडली. आत निंबाच्या दोन पानांवर मखमलीसारखा लालभडक मिरगाचा किडा पाय आखडून बसलेला. आमच्या पिढीतील कोणी हा किडा पेटीत घालून शाळेत नेला नसेल, असे मला वाटत नाही. मी आईला सांगितले, यात माणसाला बाधेल असे विष नाही, हा चावतही नाही. त्याचा लाल रंग म्हणजे पाखरांना दिलेली ताकीद आहे, मी बेचव आहे म्हणून. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात. म्हणजे तो कोळी, गोचीड यांच्या भाऊबंदांपैकी. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीत असतो, पहिल्या पावसानंतर थोडा वेळ वर येतो, वाळवी वगैरे खातो, जोडीदार शोधतो आणि पुन्हा मातीत जातो. निंबाची पाने त्याच्या काही कामाची नाहीत. पेटीत तो दोन-चार दिवसांत मरतो, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिलेले आहे.

जाता जाता एक सांगायला हवे. याच किड्याचे तेल अर्धांगवायूवर चोळण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल शोधत बसू नका. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मुलाने मात्र मला पेचात टाकले. "मग कोणता पाळू?" तो म्हणाला. त्याच्या पुण्याला शिकणाऱ्या मावसभावाने मोबाईलवर परदेशातला केसाळ कोळी दाखविला होता, तळहाताएवढा. तसले कोळी, मोठे काळे विंचू, वीतभर लांबीच्या गोगलगायी लोक हौसेने काचेच्या पेटीत पाळतात. आपल्याकडेही ही हौस पोचली आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या विमानतळावर पोलंडहून आलेल्या एका टपालाच्या पार्सलमध्ये कस्टम खात्याला छोट्या कुप्यांत भरलेले १०७ जिवंत कोळी सापडले होते.

या कोळ्यांच्या चावण्याची लोकांना भीती वाटते, पण डॉक्टरला काळजी त्यांच्या केसांची. अमेरिका खंडातील जातींचे कोळी चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस समोरच्यावर उडवितात. इंग्लंडमध्ये लीड्स येथे २००९ साली एक तरुण तीन आठवडे डोळा लाल आहे म्हणून दवाखान्यात आला. डोळे आले समजून औषधे झाली, गुण नाही. शेवटी तपासणीत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात केसासारखे काटे रुतलेले दिसले. मग त्याला आठवले, कोळ्याची पेटी साफ करताना तोंडावर काहीतरी उडाले होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही हकीकत छापली. आपल्याकडे हेच दुखणे सुरवंटाच्या केसांनी होते. अंगावर सुरवंट पडला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून हलकेच उपटा, दोन-तीनदा करा, मग साबणाने धुवा. डोळ्यात केस गेला असेल तर डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञाकडे जा.

गोगलगाय दिसायला गरीब. पण तिच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातील एका जंताची पिल्ले असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. मुले गोगलगाय हाताळतात आणि त्याच हाताने भाकरी खातात, म्हणून हे सांगतो. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची गोष्ट तर आणखीच वेगळी आहे. १८४७ साली एका इंग्रज हौशी माणसाने ती कलकत्त्यात आणली, तिथून ती देशभर पसरली. एका वेळेस शे-दोनशे अंडी घालणारा हा जीव. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी कोवळ्या सोयाबीनचा कसा फडशा पाडला, ते आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हौस फिटली की बांधावर सोडून देण्याची ही वस्तू नव्हे. आपल्या शेतातली वाणी पोरे हातावर घेऊन गुंडाळी कशी करते ते पाहतात. ती चावत नाही, पण तिच्या अंगातून येणारा रस डोळ्यात गेला तर आग होते आणि कातडीवर काळपट तपकिरी डाग पडतो. चपलेत वाणी चिरडली जाऊन पायाचे बोट काळे पडले आणि घरचे 'बोट सडले' म्हणून घाबरून आले, असे घडते. डाग आपोआप जातो, वेळ लागतो इतकेच.

पण ही सगळी चर्चा बाजूला ठेवावी असे एक कारण आहे. पाळलेल्या किड्यापेक्षा किडा शोधायला जाणारा हात जास्त धोक्यात असतो. काही वर्षांपूर्वी अशाच पावसाळी संध्याकाळी नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. मिरगाचे किडे शोधताना त्याने बांधावरचा दगड उलटला होता. विंचू चावला म्हणून घरच्यांनी मंत्र घातला, करकचून दोरी बांधली, यात दोन तास गेले. मुलगा रडत नव्हता, हीच गोष्ट मला खटकली. सदरा घामाने भिजलेला, उलट्या सुरू, हातपाय बर्फासारखे गार, इंद्रियाला ताठरता. हे विष हृदयावर गेल्याचे लक्षण आहे. दंशाच्या जागी नुसता ठणका असेल तर तो रुग्ण बहुधा सुखरूप असतो. ठणका कमी आणि घाम जास्त, हा रुग्ण काळजीचा.

त्या मुलाला प्राझोसिनची गोळी दिली आणि सोबत बसून जिल्हा रुग्णालयात नेले. रात्री अकराच्या सुमारास त्याचे पाय गरम लागले, तेव्हा मी चहा प्यालो. रक्तदाबाच्या या साध्या गोळीचा विंचवाच्या विषावर उपयोग करून दाखविला तो डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, १९८० च्या दशकात, रायगड जिल्ह्यातील महाडला. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेडचे. पूर्वी विष असे अंगभर भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण या उपचाराने एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मात्र घरी आणून ठेवू नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. आणखी एक, लोक काळ्या मोठ्या इंगळीला भितात. जीव घेतो तो बहुधा लहान, तांबूस, बारीक नांगीचा विंचू.

म्हणून त्या आगपेटीवाल्या पोराला मी सांगितले, दगड उलटायचा नाही, बिळात बोट घालायचे नाही, जे पाळायचे ते पानावरून उचल. तुमच्या परसात गोडनिंब आहे? लिंबाचे झाड आहे? कोवळ्या पानांवर पाखराच्या शिटेसारखी, काळपट-पांढरी अळी शोध. फांदीचा डुक्षा तोडून पाण्याच्या लहान बाटलीत ठेव, बाटलीचे तोंड कापसाने बंद कर, नाही तर अळी पाण्यात बुडेल. हे सारे रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून वर आईच्या जुन्या लुगड्याचे फडके बांध. फवारलेले पान चालणार नाही. रोज ताजे पान, रोज लेंड्या साफ, मग हात साबणाने धुवायचे. काही दिवसांत अळी हिरवीगार होईल. बोट लावलेस तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे काढील आणि घाण वास येईल, त्याला भिऊ नकोस, त्याने काही होत नाही. सुमारे दोन आठवड्यांनी ती खाणे थांबवून काडीला कमरेभोवती धागा बांधून कोष करील. आठ-दहा दिवसांनी सकाळी फुलपाखरू निघेल. पंख वाळेपर्यंत शिवायचे नाही, नंतर उडवून द्यायचे. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखे किडे निघतात. तेही पाहण्यासारखे असते.

आपल्या राज्याने २०१५ साली नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरविले, देशात असे करणारे आपले राज्य पहिले. लिंबावरचे फुलपाखरू त्याच्याच कुळातले. आता जळगाव जामोद, संग्रामपूरकडचे संत्रा बागायतदार हे वाचून हसतील, कारण नव्या कलमांवर ही अळी म्हणजे त्यांची वैरीण. त्यांनी आपल्या नातवंडांना बरणीपुरत्या दोन अळ्या तेवढ्या द्याव्यात.

आगपेटीतला किडा मुलाने दवाखान्याच्या मागे ओल्या मातीत सोडला. तो जागचा हलेपर्यंत त्याची आई आणि मी पावसात उभे होतो. गेल्या सोमवारी ती खोकल्याचे औषध न्यायला पुन्हा आली होती. बरणीत तीन अळ्या आहेत म्हणाली, आणि गोडनिंबाला आता फोडणीपुरतीसुद्धा पाने उरली नाहीत.