नवा आहे, तरी हळू चालतोय

सकाळी साडेनऊला शटर वर केलं की पहिलं काम म्हणजे रात्रभर चार्जरवर ठेवलेले लॅपटॉप बघणं. आमचं दुकान ठाण्याच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या इमारतींजवळच्या एका गाळ्यात. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला आणि त्याच्या आगेमागे बऱ्याच घरांत विंडोज 11 चा नवा लॅपटॉप आला. "नवा आहे, तरी हळू चालतोय" हे वाक्य तेव्हापासून रोज कानावर पडतं. ते म्हणताना लोकांचा आवाज खाली जातो. पैसे साठवून घेतलेली वस्तू असते, आपल्याच हातून काही बिघडलं का, अशी धास्ती असते. बहुतेकांच्या हातून काहीही बिघडलेलं नसतं.

काल संध्याकाळी आलेल्या लॅपटॉपचे अपडेट रात्रीतून उरकले आहेत. खोक्यात बंद होऊन जितके महिने तो गोदामात पडून होता, तितक्या महिन्यांचे अपडेट थकलेले असतात: विंडोजचे, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे, बायोसचे, स्टोअरमधल्या अ‍ॅप्सचे. त्यातच विंडोज सगळ्या फायलींची सर्चसाठी सूची बनवत असतं आणि वनड्राइव्ह फोटो वर चढवत असतो. पहिल्या दिवसाचा संथपणा मोठ्या प्रमाणात याचाच. म्हणून फोन आला की मी आधी एवढंच सांगतो, की स्लीप बंद करा, एक रात्र वायफाय आणि चार्जर लावून ठेवा, सकाळी रीस्टार्ट करा आणि मग ठरवू. बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच सुटतो.

बायोसच्या अपडेटला हात लावण्याआधी मात्र एक गोष्ट मी कधीच टाळत नाही. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतसुद्धा. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदलल्यावर यंत्राने 48 आकडी रिकव्हरी की मागितली आणि ती कुणाकडेच नसली, तर फोटो, प्रोजेक्ट, सगळं गेलं. ती की ग्राहकाच्याच खात्यातून, त्याच्याच समोर काढून त्याच्या वहीत लिहून देतो. फोनमधला फोटो पुरत नाही, फोन हरवतो.

साडेदहाला समतानगरहून एक काकू आणि त्यांची लेक आल्या. मुलगी बांदोडकर कॉलेजात बीएस्सीला. लॅपटॉप तीन आठवड्यांचा, 8 जीबी रॅम, आत एनव्हीएमई एसएसडी. यंत्र चांगलं आहे. मी काहीही काढण्याआधी मोजतो. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये टाइप करता येईपर्यंत, फोनच्या घड्याळावर मोजून, 78 सेकंद लागले. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' लिहिलेला असतो. तिथे पहिलाच आकडा 9 होता, म्हणजे यंत्र नऊ दिवस सलग चालू.

"पण काका, मी रोज रात्री शटडाउन करते," मुलगी म्हणाली.

ती खरंच करत होती. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर फास्ट स्टार्टअप आलं. तेव्हापासून शटडाउन केलं की उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. शटर ओढलं, पण आतले दिवे चालूच ठेवले, असं काहीसं. सुरू व्हायला वेळ कमी लागतो हे खरं. मात्र एखादा ड्रायव्हर अडकला असेल तर तो दिवसच्या दिवस तसाच अडकून राहतो. खरी झाडलोट होते ती रीस्टार्टने. तिला सांगितलं, आठवड्यातून दोनदा रीस्टार्ट करत जा. हे तिला विक्रेत्याने सांगितलं नव्हतं आणि कुठल्या कागदावरही लिहून आलं नव्हतं, याची मला खरोखर चीड येते.

मग 'स्टार्टअप अ‍ॅप्स'. लॉगइन होताच स्वतःहून उठणाऱ्या प्रोग्रॅमची ही यादी, समोरच्या रकान्यात प्रत्येकाचा भार लिहिलेला. चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, गेमचं दुकान, कंपनीचा मदतनीस, मीटिंगचं अ‍ॅप, दोन ब्राउझर. यातलं तिने स्वतः काय टाकलं होतं? फक्त एक ब्राउझर. बाकी सगळं खोक्यातूनच आलेलं. अँटिव्हायरस काढू का विचारल्यावर काकू घाबरल्या, "व्हायरस शिरला तर?" विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो, दुसरा अँटिव्हायरस आला की तो मागे सरकतो आणि दुसरा काढला की परत कामाला लागतो. काढल्यावर विंडोज सिक्युरिटीचं पान उघडून हिरवी खूण काकूंना दाखवली, तेव्हा त्या निवांत झाल्या. टचपॅड, आवाज आणि फंक्शनच्या बटणांचे प्रोग्रॅम मी तसेच ठेवले. सरसकट सगळं उडवलं की दोन दिवसांनी आवाज वाढवायचं बटण चालत नाही आणि माणूस परत हेलपाटा घालतो.

परत मोजलं तर 29 सेकंद. मुलीने स्वतः पुन्हा एकदा बंद-चालू करून पाहिलं.

गुरुवार असल्यामुळे दुपारपासून साईबाबांच्या देवळाकडे जाणाऱ्यांची वर्दळ होती. तेवढ्यात वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेले एक सर जेवणाच्या सुट्टीत डोकावले. ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब आणि एक्सेल एकत्र उघडलं की लॅपटॉप अडतो. टास्क मॅनेजरमध्ये 7.7 पैकी 7.1 जीबी भरलेलं. इथे काढण्यासारखं फार काही नव्हतं, जागाच अपुरी होती. त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर 1 ऑफ 2 दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. एक स्लॉट मोकळा होता. हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे कुणाचंच काही चालत नाही.

वॉरंटीला बाधा येत नाही ना, हे त्यांना कंपनीला फोन करून माझ्यासमोरच विचारायला लावलं, मग स्क्रू सोडवले. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. ते राहिले आणि झाकण ओढलं की क्लिपा तुटतात. प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवत झाकण उचललं, आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग रॅमची स्टिक तिरकी धरून खाचेत पूर्ण सरकवली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. एकच बसली तर यंत्र चालू होईल न होईल. डीडीआर4 ची 3200 ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माहिती ने-आण करते. जोडीने लावली की ही क्षमता दुप्पट होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्राचं कामही याच रॅममधून चालतं, त्यामुळे तिथे फरक डोळ्यांना दिसतो. खर्च मात्र वाढला आहे. 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी मेमरीवर तुटून पडली आणि भाव चढले. लॅमिंग्टन रोडला सकाळी विचारलेला भाव संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री देता येत नाही.

साडेतीनला एक कॉलेजकुमार व्हिडिओ बघून आला होता. त्याला विंडोज अपडेट बंद हवं होतं, डिफेंडर बंद, सिसमेन बंद आणि वर रजिस्ट्री साफ करणारं 'बूस्टर'. मी नाही म्हटलं. सिसमेन म्हणजे 2007 च्या व्हिस्टामधलं सुपरफेच. आपण नेहमी वापरतो ते प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवायचं काम ते करतं आणि एसएसडीवर त्याचा काही जाच होत नाही. रजिस्ट्री क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. अपडेट आणि डिफेंडर बंद केलेल्या यंत्रावर हा मुलगा पुढे बँकेचा पासवर्ड टाकणार. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण हे काम या टेबलावर होत नाही. त्याला त्याचाच लॅपटॉप दाखवला: पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर पडला होता. तो बदलला, गादीवर ठेवून वापरू नको म्हणून सांगितलं, कारण खालच्या जाळीतून हवा मिळाली नाही की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. पैसे घेतले नाहीत.

पाचला लोकमान्यनगरचे पत्रिका छापणारे दादा आले. नवा, दणकट लॅपटॉप. कोरल उघडायलाच भलता वेळ. त्यांनी जुन्या पीसीवरचा फाँटचा आख्खा फोल्डर जसाच्या तसा नव्यात ओतला होता. वर्षानुवर्षं साठवलेले श्री-लिपीचे आणि इतर शेकडो फाँट. डिझाइनचा प्रोग्रॅम सुरू होताना ते सगळे चाळतो. दादांनी लग्न, मुंज, वास्तुशांत यांना रोज लागणारे फाँट स्वतः बसून निवडले. बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, लागेल तेव्हा लावता येतील असे. तासभर गेला, पण त्या तासात अक्षरांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. वेलांटी कुठे जाड व्हावी, जोडाक्षर कुठल्या फाँटमध्ये कोंबल्यासारखं दिसतं, हे त्यांना न बघता ठाऊक होतं.

सातनंतर आलं ते दिवसातलं सगळ्यात अवघड काम, आणि हाताने करण्यासारखं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. नवरा-बायको आणि सातवीतला मुलगा. सेलमध्ये घेतलेला लॅपटॉप, खोकं अजून चकचकीत. 4 जीबी रॅम सोल्डर केलेली आणि 64 जीबी ईएमएमसी स्टोरेज. विंडोज 11 ची किमान अट नेमकी एवढीच आहे, त्यामुळे विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं असं म्हणता येत नाही. पण ईएमएमसीचा कमाल वेग सेकंदाला 400 एमबी, साध्या एनव्हीएमईचा 3,500 च्या आसपास, आणि ही ईएमएमसी बोर्डालाच चिकटलेली, बदलता न येणारी. विंडोज, ऑफिस आणि दोन अपडेट आले की पुढच्या अपडेटला जागाच उरत नाही.

"फॉरमॅट मारून बघा ना दादा," ताई म्हणाल्या.

फॉरमॅट मारला असता आणि त्याचे पैसे घेतले असते, तर चार दिवस बरं वाटून पाचव्या दिवशी तेच झालं असतं. मी सरळ सांगितलं, की हा याहून वेगाने पळणार नाही. परत करायची मुदत पाहिली, दोन दिवस शिल्लक होते. खात्यातून लॉगआउट केलं, रीसेट मारला, चार्जर आणि कागद खोक्यात पूर्वीसारखे लावून दिले. समजा परत घेतलाच नाही, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून देईन. 4 जीबीवर ती नीट चालते, मराठी टायपिंग होतं आणि सातवीच्या अभ्यासाला पुरते.

सव्वानऊला शटर ओढताना त्या ताईंच्या नवऱ्याचा फोन. दुकानदार परत घ्यायला तयार आहे, पण बदल्यात काय घेऊ? म्हटलं, 16 जीबी, नाहीतर निदान 8 आणि एक स्लॉट मोकळा. स्टोरेज एनव्हीएमई, 512. रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी मॉडेल नंबर मला पाठवा, मी जागा आहे.