अर्धा डाव जिंकला, तरी हाती काय?

दिवाळीच्या दिवसांत भोसरी, चिंचवड, चाकण भागातल्या कामगारांच्या खोल्यांतून तीन पत्तीचे डाव रंगतात. बोनस नुकताच हातात आलेला असतो. आपल्या वर्गातल्या काही मुलांनी हा खेळ जवळून पाहिलेला असतो. 'ब्लाइंड', 'चाल', 'पॅक' हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. आपण मात्र संभाव्यतेचा धडा नाणे आणि फाशापाशीच संपवतो.

52 पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी 16,440 हातांत जोडी, कलर, सिक्वेन्स, ट्रेल यांपैकी काहीही नसते. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात रिकामे! म्हणूनच नुसत्या मोठ्या चालीच्या धाकाने डाव 'चोरता' येतो. समोरचाही बहुधा रिकामाच असतो.

अशा चोरीला उत्तर केव्हा द्यावे? पोकरच्या एका प्रकारात हा प्रश्न चांगला उलगडतो. 'सात पानी स्टड'मध्ये प्रत्येकाला टप्प्याटप्प्याने सात पाने मिळतात. सुरुवातीला दोन झाकलेली आणि एक उघडे. त्याच्या 'हाय-लो' प्रकारात डावाचे दोन भाग होतात. अर्धा डाव सर्वांत वरच्या हाताला, अर्धा सर्वांत खालच्या हाताला. खालचा हात व्हायला आठ किंवा त्याहून लहान अशी पाच वेगवेगळी पाने लागतात (एक्का लहानही धरतात). तसा हात कोणाचाच झाला नाही, तर सगळा डाव वरच्या हाताचा.

चिंचवडच्या नावातच चिंच आहे. तेव्हा पैशांऐवजी चिंचोके घेऊ. नियमही थोडे सोपे करू. पाच खेळाडूंनी एकेक चिंचोका टाकला. तिघांनी पाने टाकून दिली. आता उघडा राजा असलेला खेळाडू एकदम 4 चिंचोके लावतो. उरलो फक्त आपण.

आधी त्याचा हिशेब पाहू. आपण पळालो तर तो 5 मिळवतो. आपण थांबलो आणि तो पुढे हरला, तर 4 घालवतो. म्हणजे नऊपैकी चारांहून अधिक वेळा आपण पळत असू, तर त्याच्या हातात काहीही नसले तरी चोरी फायद्याची! नेहमी पळणारा खेळाडू चोराला पोसतो.

आता आपला हिशेब. आपल्याकडे दुर्री, पंजी, सत्ती आहे. 4 चिंचोके लावून थांबलो तर डाव 13 चा होईल. पुढे कोणी काही लावत नाही असे तूर्त धरू. सगळा डाव मिळणार असेल, तर 13 पैकी 4 वेळा, म्हणजे सुमारे 31 टक्के वेळा जिंकणे पुरते. पण अर्धाच मिळणार असेल, तर हाती येतात साडेसहा. मग 13 पैकी 8 वेळा, सुमारे 62 टक्के वेळा जिंकायला हवे.

आपला खालचा हात किती वेळा होईल? उरलेल्या 49 पानांतून आणखी चार येणार. ती 2,11,876 प्रकारे येऊ शकतात. त्यांत एक्का, 3, 4, 6, 8 यांपैकी निदान दोन वेगवेगळी पाने हवीत. असे प्रकार 1,02,280, म्हणजे 48 टक्के. नुसत्या खालच्या हाताच्या भरवशावर हिशेब जुळत नाही! तो जुळायला अधूनमधून, सुमारे 13 टक्के वेळा, वरची बाजूही जिंकावी लागते.

इथे उघडी पाने मदतीला येतात. टाकून दिलेल्यांची तिन्ही उघडी पाने मोठी असतील, तर आपली लहान पाने गड्डीत शिल्लक आहेत. 48 चे 54 टक्के होतात. तीच तीन पाने आपल्याला हवी असलेली, वेगवेगळी लहान पाने असतील, तर 43 टक्केच उरतात. चोराचे उघडे पानही महत्त्वाचे. राजावाल्याचा खालचा हात सहसा होत नाही. तिथे एक्का असता, तर तो दोन्ही बाजूंनी धोका ठरला असता. राजापुढे थांबावे, एक्क्यापुढे विचार करावा, असे जाणकार म्हणतात ते यामुळे.

पण खरी गोम पुढे आहे. समजा, दोघांनी नंतर आणखी दहा-दहा चिंचोके लावले. डाव 33 चा झाला. अर्धे मिळाले साडेसोळा. त्यांतले 14 आपणच आता घातलेले. निव्वळ मिळकत अडीच, म्हणजे पहिल्याइतकीच! हरलो तर मात्र 4 ऐवजी 14 गेले. दोघांच्या झुंजीत 'अर्धा डाव जिंकला' म्हणजे बहुतेक आपलाच पैसा परत आला. म्हणून पुढची एक-दोन पाने नकोशी आली, की लगेच डाव सोडणे शहाणपणाचे. 'इतके घातलेच आहेत, आणखी थोडे' हा विचार बोनस संपवतो.

संभाव्यतेच्या गणिताची सुरुवातच डाव कसा वाटावा या प्रश्नातून झाली. अर्धवट राहिलेल्या खेळातील पैसे न्याय्य रीतीने कसे वाटावेत, यावर पास्काल आणि फर्मा यांनी 1654 मध्ये पत्रव्यवहार केला. पुढे 1928 मध्ये फॉन नॉयमन यांनी खेळांचा सिद्धांत मांडला. नेहमी पळणे आणि कधीच न पळणे, दोन्ही नुकसानीचे, हे त्यातून नेमकेपणाने दाखवता येते.

आणि डाव चालवणाऱ्याने 13 मधला एकच चिंचोका आपली कटती म्हणून काढला तर? अर्धे उरतात सहा, आणि 62 ऐवजी 67 टक्के वेळा जिंकावे लागते. अड्डा असो की मोबाइलवरचे अ‍ॅप, कटती घेणाऱ्याला पाने पाहावी लागतच नाहीत. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संमत केला. पण कटतीचे हे गणित मुलांनी स्वतः मांडले, तर ते कायद्याच्या धाकापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

वर्गात करून पाहा: गड्डीतून एक दुर्री, एक पंजी, एक सत्ती बाजूला काढा. उरलेली पाने पिसून चार वाटा. हवी ती दोन वेगवेगळी पाने आली का, याची नोंद करा. वीस गटांनी दहा-दहा वेळा केले, तर 200 पैकी 97 च्या आसपास 'हो' यायला हवेत. किती आले, आणि फरक का पडला, यावर मुलांनाच बोलू द्या.